उजवीकडचा तंबोरा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हणाले, की बहुतेक तुमचा नंबर चुकलाय. कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं मी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या जुन्या दिवाळी अंकांत वाचलेली आहेत. निवृत्त परिचारिका, पोस्टमन, इंजिनचालक. त्यांच्याकडे तीस-तीस वर्षं असतात. मी अजून एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. माझं काम चार वर्षांचं, आणि त्यातही मी गाणारीच्या मागे बसून चार तारा छेडते, एवढंच.

"मग तेच लिहा," ते म्हणाले. "मागून काय दिसतं ते."

मी बाईंची परवानगी मागायला नारायण पेठेत गेले. बाई म्हणजे ज्यांच्याकडे मी गाणं शिकते आणि ज्यांच्या मागे बसते त्या. पन्नास वर्षं त्या मैफली करत आल्या आहेत. त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "लिही. माझं नाव घालू नकोस. पुण्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ज्यांना कळणार नाही त्यांना नाव सांगूनही उपयोग नाही."

"आणि कानाचं?" मी विचारलं.

त्यांनी गाळणी धुतली, उलटी ठेवली. "तेच लिही. नाहीतर तू लिहिण्यासारखं केलंयस काय?"

म्हणून कानाचं लिहिते. पण त्याआधी काम काय असतं ते सांगायला हवं. पुण्याजवळच्या आमच्या मांजरी गावात अजून कोणाला ते नीट माहीत नाही. आईसुद्धा शेजाऱ्यांनी विचारल्यावर सांगते, "ती वीणा घेऊन बसती."

गाण्याच्या कार्यक्रमात गायकाच्या मागे, डावीकडे आणि उजवीकडे, दोघी जणी उंच तंबोरे उभे धरून बसलेल्या असतात. चार तारा एकामागून एक, सारख्या अंतराने, न थांबता छेडायच्या. दीड तास, कधी दोन. वेग वाढवायचा नाही, कमी करायचा नाही. समेवर सगळं सभागृह डोललं तरी आपण डोलायचं नाही. पायाला मुंग्या आल्या तर येऊ द्यायच्या. तंबोरा चालू आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येऊ नये आणि थांबला तर लगेच यावं, इतपत आपलं असणं असतं. गाणारा त्या आवाजावर उभा असतो. जमीन तिरकी असली की माणूस तिरका उभा राहतो, तसंच हे.

तंबोरा छेडायला एका आठवड्यात येतो. तो सुरात लावायला किती वर्षं लागतात ते मला अजून माहीत नाही. आधी वरच्या खुंट्या पिळून तारा साधारण जागेवर आणायच्या. मग खाली, भोपळ्यावर, प्रत्येक तारेत ओवलेला एक मणी असतो, तो सरकवायचा. मणी खाली ओढला की स्वर जरासा चढतो, वर सरकवला की उतरतो. हा 'जरासा' इतका लहान असतो की सुरुवातीचे सहा महिने मला तो ऐकूच येत नव्हता. मी नुसती मान हलवत असे. सगळ्या तारा बरोबर लागल्या की त्यांच्यातून एक पाचवा स्वर निघतो. तो कोणी छेडलेला नसतो. तो ऐकू आला की म्हणायचं, तंबोरा लागला.

पण हे आपण म्हणायचं नसतं. शिष्याने लावायचा आणि गुरूकडे बघून विचारायचं, "लागला का?" गुरूंनी मान हलवली तर ठीक. नाहीतर त्या हात पुढे करतात आणि स्वतः मणी सरकवतात. आणि एकदा गुरूंचा हात लागला की त्या मण्याला पुन्हा कोणी हात लावायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नाही आणि मला कोणी सांगितलंही नाही. पहिल्याच महिन्यात मी अजाणता हात नेला होता, तेव्हा खोलीतल्या सगळ्या मुली एकदम गप्प झाल्या. त्यावरून कळलं.

मी या घरात कशी आले ते थोडक्यात सांगते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पप्पा मांजरीत एका संस्थेच्या आवारात माळीकाम करतात आणि आमच्या विहारातल्या गाण्याच्या मंडळात ढोलकी वाजवतात. जयंतीच्या आधी महिनाभर आमच्या घरात रोज गाणं असायचं. मी त्यांच्या शेजारी बसून गायचे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी त्यांतलंच एक गाणं म्हटलं. आमच्या मराठीच्या मॅडमनी ते ऐकलं आणि मला बाईंकडे पाठवलं. बाईंनी मला गायला सांगितलंच नाही. तंबोरा हातात दिला. "आधी ऐकायला शीक. गायला काय, सगळ्यांनाच येतं."

मला पहिल्या दिवसापासून भीती वाटत आली आहे. चपला कुठे काढायच्या, पाणी मागायचं की आपलं घ्यायचं, सगळ्याची. एकदा बाईंनी विचारलं, "वही आणलीस का?" आणि मी घाईत म्हणाले, "हाय."

"हाय नाही, आहे," बाई म्हणाल्या. "गाताना आलं तर चालेल. ठुमरीत लोक त्याला दाद देतात."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या घरात होकार फक्त मानेनेच दिला.

हळूहळू मी कार्यक्रमांना जाऊ लागले. तंबोऱ्यावाल्या मुलीला तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटतात. एका गृहस्थांनी कार्यक्रमानंतर येऊन माझी फार स्तुती केली आणि विचारलं, "तुम्ही या वाद्याचे एकटीचे कार्यक्रम करता का?" रेवतीला, म्हणजे जी डावीकडे बसते तिला, हसू आवरेना. एका लग्नाच्या कार्यालयात एका आजींनी पर्स ठेवायला जागा नाही म्हणून ती माझ्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला टेकवून ठेवली आणि वर मला सांगितलं, "लक्ष ठेव गं." मी दीड तास लक्ष ठेवलं. एका आयोजकांनी आम्हा दोघींना विंगेत बसायला सांगितलं, कारण समोरून "फ्रेम भरलेली दिसते". बाई त्यांना म्हणाल्या, "मग मीही विंगेत बसते. फ्रेम अगदी मोकळी होईल."

बाईंचं गाणं मी समोरून फार थोड्या वेळा पाहिलं आहे. मी त्यांना मागून ओळखते. अंबाडा, पदराची खांद्यावरची पिन, तान घ्यायच्या आधी किंचित वर येणारा उजवा खांदा. लोकांना समोरून फार शांत चेहरा दिसतो. मला पडदा उघडायच्या आधी त्यांच्या मानेवर घाम दिसतो. सत्तरी उलटली तरी कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना जेवण जात नाही. गरम पाण्याचा थर्मास आणि दोन खजूर. मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, अजून भीती वाटते?"

"ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी घरी बसेन," त्या म्हणाल्या. "तू कशाला घाबरतेस? तुला कोण बघतंय?"

ते खरं होतं. मला कोणी बघत नव्हतं. मलाच सगळं दिसत होतं, आणि पुढे तीच अडचण झाली.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ते सुरू झालं. बाईंच्या गुरूंच्या स्मरणार्थ दरवर्षी थंडीत एक सकाळची मैफल होते. त्या वर्षी बाई तिथे तोडी गाणार होत्या. तोडी हा सकाळचा राग. त्यातला गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही खाली, अगदी एका बारीक जागेवर असतो. बाईंचं नाव त्या गंधारासाठी घेतलं जातं. लोक नुसता तो स्वर ऐकायला येतात. म्हणून तालीम चार महिने आधीपासून, दोन्ही तंबोरे घेऊन चालायची. रेवती डावीकडे, मी उजवीकडे.

एका सकाळी मी तंबोरा लावला आणि विचारलं, "लागला का?"

"चढा आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी हात मागे नेऊन मधल्या दोन, जोडीच्या तारांचे मणी वर सरकवले. "हं. आता."

मी छेडायला सुरुवात केली. रेवतीचा आणि माझा तंबोरा एकमेकांना लागत नव्हते. दोन आवाज एकमेकांवर घासत होते. माझा उतरला होता. पण माझा बाईंनी लावला होता.

मी काय करणार होते? ज्या बाईंच्या कानाची पुण्यात गोष्ट सांगतात, त्यांनी लावलेला तंबोरा मला उतरलेला वाटतो, तर कोणाचा कान खोटा असणार? मी घरी जाताना बसमध्ये स्वतःला समजावलं की माझाच. रेवतीच्या घरात तिची आजीही गायची. तिला जन्मापासून तंबोरा ऐकू आला. मी ढोलकी ऐकून वाढले. मला जे ऐकू येतं ते इतकं बारीक असूच शकत नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग रोजच. नेहमी माझाच तंबोरा चढा, रेवतीचा कधीच नाही. बाई चिडू लागल्या. "तीन वर्षं झाली, अजून तुला सा सापडत नाही?" रेवती मला जिन्यात म्हणाली, "अगं, तू लावतेस तेव्हा बरोबर असतो. नंतर बिघडतो." हे वाक्य पुरं करायचं धाडस तिलाही झालं नाही. तिने फोनवर सूर दाखवणारं अ‍ॅप काढलं आणि लगेच बंद केलं. बाईंच्या घरात ते अ‍ॅप उघडायला बंदी होती. "हिरव्या दिव्याला विचारून गाणार का?" असं त्या म्हणायच्या.

शिकवणी रेकॉर्ड करायला मात्र परवानगी होती. एका रविवारी दुपारी मी ते रेकॉर्डिंग घरी लावून बसले. पप्पा ढोलकीची वादी आवळत होते. त्यांनी मान वर केली.

"दोन तंबोरं हायत न्हवं?"

"हो."

"येक खाली बसलाय."

मी म्हणाले, "पप्पा, नीट ऐका. बाईंनी लावलाय तो."

"कुनी का लावंना. बसलाय." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ढोलकी बाजूला ठेवली. "तुजा हाय व्हय?"

"हो."

"मंग बाईंला सांग की."

"असं सांगत नाहीत, पप्पा, तिथं."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "नगं सांगू. कशाला? एवढ्या मोठ्या बाई. ठिवतील का मग तुला?" पप्पांनी पुन्हा ढोलकी घेतली आणि नुसतेच तिच्या तोंडावरच्या काळ्या शाईवर बोट फिरवत बसले.

त्या दिवसापर्यंत मला माझे कान खोटे आहेत याची भीती होती. त्यानंतर ते खरे आहेत याची वाटू लागली. ती जास्त वाईट होती.

आणि मग तबला. बाईंना तीस वर्षं साथ करणारे शिरीषकाका गाणाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे माझ्या पुढे बसतात. एका तालमीत बाई थांबल्या. "शिरीष, तबला चढलाय."

काकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, हातोडी उचलली, चारी बाजूंनी ठक ठक केलं आणि थाप मारली. "घ्या. उतरवला."

"हं," बाई म्हणाल्या आणि गायला लागल्या.

मी मागून बघत होते. हातोडी तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या कातडी वेणीवर, पडलीच नव्हती. नुसती खालच्या लाकडावर पडत होती. सूर होता तिथेच होता. तालीम संपल्यावर मी काकांना जिन्यात गाठलं. मला रडू येत होतं.

"काका, तुम्ही…"

"पाहिलंस का?" ते चपला घालत म्हणाले. "बरं केलंस. मला वाटत होतं, मलाच भास होतोय."

"बाईंना सांगा ना."

"मी? तीस वर्षं त्या माझ्या चुका काढताहेत. आता मी त्यांची कुठून काढायला सुरुवात करू?" त्यांनी दुसरी चप्पल शोधली. "तू सांग. तुझं वय आहे चुकायचं."

मी नाही सांगितलं. त्यांनीही नाही. रेवतीनेही नाही. चार महिने आम्ही तिघं एका माणसाला फसवत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं, की दुसरा सांगेल. मी यात काही मोठेपणाने लिहीत नाही. मला भीती वाटत होती की मी बोलले तर बाई मला काढून टाकतील, आणि त्याहून जास्त भीती अशी, की त्या माझं खरं मानतील. मग त्या काय करतील? गाण्यावाचून त्यांचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. घरात त्या एकट्या. भिंतीला लावलेले तंबोरे, थर्मास, आणि सकाळी सहाला लागणारा सा.

मैफलीचा दिवस आला. शनिवार पेठेतल्या एका सभागृहात सकाळी नऊला. खुर्च्या भरल्या होत्या. ज्यांच्यापुढे बाईंना कधी चुकायचं नव्हतं अशी सगळी जुनी मंडळी पहिल्या दोन रांगांत होती. बाईंचे एक गुरुबंधू होते, ऐंशीच्या पुढचे. काठीवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून बसले होते. रेवती म्हणाली, "ते डोळे उघडतात तेव्हा काहीतरी चुकलेलं असतं."

पडद्यामागे बाईंनी रेवतीचा तंबोरा ऐकला. मान हलवली. मग माझा. "चढा." त्यांचा हात आला, दोन्ही मणी वर गेले. त्या दिवशी नेहमीपेक्षाही जास्त. त्यांची बोटं थंड होती. माझ्या बोटांना लागली म्हणून कळलं. शिरीषकाका हातोडीकडे बघत बसले. पडदा सरकला.

टाळ्या थांबल्या आणि दोन तंबोरे वाजू लागले, आणि मला वाटलं की सगळ्या सभागृहाला ते घासणं ऐकू जातंय. माइक होते ना पुढे. बाईंनी पहिला सा लावला. तो रेवतीच्या तंबोऱ्याला मिळाला नाही आणि माझ्यालाही नाही. दोघांच्या मधे कुठेतरी लागला. त्यांनी तो सोडला, पुन्हा लावला. पुन्हा तसाच. त्यांच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसली. त्या जमीन शोधत होत्या आणि जमिनी दोन होत्या. थोड्याच वेळात त्यांना गंधारावर जायचं होतं.

पहिल्या रांगेतल्या त्या आजोबांनी डोळे उघडले.

मी काय विचार केला ते मला आठवत नाही. उजव्या हाताने मी छेडत राहिले आणि डावा हात खाली नेऊन मणी ओढला. आधी एक, मग दुसरा. गुरूंनी लावलेला मणी, भर मैफलीत, पाच-सहाशे लोकांसमोर. रेवतीच्या तंबोऱ्याला माझा येऊन मिळाला तेव्हा तो पाचवा स्वर अचानक वर आला. रेवतीने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

बाई थांबल्या. त्यांनी माइकपासून तोंड वळवलं आणि मागे न पाहता, अगदी हळू म्हणाल्या, "चढलाय. उतरव."

शिरीषकाकांची बोटं तबल्यावर तशीच राहिली. मी हात खाली नेला. मण्यावर बोट ठेवलं. ते ठेवूनच राहिले. तार हलली नाही, मणी हलला नाही. मग हात काढून घेतला, जसा काही उतरवला. काकांच्या हातोडीसारखा. चौथी तार दोनदा छेडली गेली.

बाई ऐकत होत्या. चार तारांचे तीन फेरे झाले असतील. मैफलीत तो वेळ फार असतो. मला वाटलं, आता त्या वळतील, किंवा उठतील.

त्यांनी उजवा हात उचलला आणि उजव्या कानावर दाबून धरला.

बरेच गायक कानावर हात ठेवतात, त्यामुळे कोणाला त्यात काही वाटलं नाही. समोरून ती तल्लीनता दिसली असेल. मला मागून दिसलं की बोटं पांढरी होईपर्यंत त्यांनी तो कान बंद केला आहे. मान डावीकडे, रेवतीच्या बाजूला कलली. आणि त्यांनी सा लावला. तो लागला. मग रिषभाला नुसता स्पर्श करून त्या गंधारावर आल्या आणि तिथे थांबल्या. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी पुन्हा डोळे मिटले.

त्या सव्वा तास गायल्या. हात एकदाही खाली आणला नाही. ज्या हाताने त्या आयुष्यभर ताना रेखाटत आल्या तो हात कानावरच होता.

कार्यक्रम संपल्यावर लोक भेटायला आले, पाया पडले. आज हातवारे नाहीत, किती आत गेल्या होत्या, असं कोणीतरी म्हणालं. मी तंबोऱ्याला खोळ घालत होते. बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. रिक्षात बसतानाही नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, "उद्या दहाला ये. एकटी."

त्या रात्री मला झोप आली नाही हे सांगायला नकोच. सकाळी निघताना पप्पा म्हणाले, "मी येऊ का?" मी नको म्हणाले. आईने डबा दिला नाही. तिला वाटलं, मी लवकर परत येईन.

बाईंनी दार उघडलं आणि मला समोर बसवलं. तंबोरा नव्हता. मला वाटतं, त्या घरात मी हातात काही नसताना पहिल्यांदाच बसले होते.

"तू मणी हलवला नाहीस," त्या म्हणाल्या.

"बाई, चुकलं माझं."

"आधी हलवलास, मग हलवला नाहीस. दोन्ही मला कळलं. सूर तसाच होता. मग मी विचार केला, एक तर ही मुलगी लबाड आहे, नाहीतर मी बहिरी झालेय. गायला बसल्यावर निवडायला फार वेळ नसतो."

माझी बोटं रिकाम्या मांडीवर चार तारा छेडत होती.

"जूनपासून होतंय," त्या म्हणाल्या. "उजव्या कानाला सगळं चढं ऐकू येतं. डाव्याला बरोबर. एकच सा दोन कानांत दोन. गायकाला असं होतं हे कोणाला सांगणार? मी म्हटलं, सर्दी असेल. मग म्हटलं, तंबोरा जुना झालाय. मग…" त्या थांबल्या. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मग म्हटलं, ही पोरगी मांजरीहून आलीय, हिला कानच नाही. ते सगळ्यात सोपं होतं."

मी म्हणाले, "मलापण तेच वाटत होतं."

त्या उठून आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि हातात चहाचे दोन कप होते. त्यांनी मला चहा करून दिलेला तो पहिला.

आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. मीच सोबत होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की आतली नस अधू झाली की काहींना त्या कानात स्वर सरकलेला ऐकू येतो. यंत्राने आवाज मोठा होईल, पण स्वर जागेवर येईलच असं नाही. बाईंनी एकच प्रश्न विचारला. "डावा किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "ते सांगता येत नाही." बाई म्हणाल्या, "बरं झालं. सांगितलं असतं तर मोजत बसले असते."

त्यानंतर त्यांनी मोठ्या मैफली घेतल्या नाहीत. शिरीषकाकांना त्यांनी बोलावून सांगितलं, "हातोडी लाकडावर आपटतोस, ते मला तेव्हाही ऐकू येत होतं." काका मान खाली घालून हसले आणि मग बराच वेळ हसलेच नाहीत. बाई शिकवतात मात्र रोज. एक कान मुलींकडे करून बसतात. नव्या मुलींना वाटतं, ती त्यांची बसायची पद्धत आहे. दोघी-तिघी तशाच बसायलाही लागल्या आहेत.

लोकांना वाटतं, मी त्या दिवशी धीर केला. रेवती तसं सगळ्यांना सांगते. मला तसं वाटत नाही. मी चार महिने आधी बोलायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले होते की अगदी सुरुवातीला आला असतात तर कदाचित काही करता आलं असतं. 'कदाचित' म्हणाले होते. बाईंनी तो शब्द पुन्हा कधी काढला नाही. मी मांजरीच्या बसमध्ये बसले की मला तो ऐकू येतो.

आता काय होतं ते सांगते आणि थांबते. सकाळी मी जाते. भिंतीजवळचे दोन्ही तंबोरे काढते, पुसते, लावते. पूर्वी मी लावून झाल्यावर त्यांच्याकडे बघत असे. आता बाई डोळे मिटून, मान डावीकडे करून बसलेल्या असतात, आणि त्याच मला विचारतात,

"लागला का गं?"

खोलीत बाकीच्या मुली असतात. मी एकदा ऐकते. पुन्हा एकदा ऐकते. मी जे म्हणेन त्यावर त्या आता गाणार असतात, आणि मी चुकले तर ते सांगणारं माझ्या वर कोणी नाही. मला पहिल्या दिवशी वाटली नव्हती एवढी भीती रोज त्या क्षणाला वाटते. मण्यावरून हात काढायला नको वाटतं.

मग मी हात काढते आणि म्हणते, "हो बाई. लागला."